कॅन्सरमधून बरं झालेल्या मुलाचा तोल: घरी काय पाहावं, काय करावं

मोरीत तोंडाला साबण लावताना मूल भिंतीला हात टेकतं का, हे आज पाहा. चप्पल पायातून निसटते का? जिना उतरताना कठडा सुटत नाही का? उपचार संपून काही वर्षं झाली तरी हे दिसू शकतं. कृपा करून त्याला ‘वेंधळा’ म्हणू नका.

तोल सांभाळायला मेंदू डोळे, आतला कान आणि पाय या तिघांकडून खबर घेतो. ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरमध्ये, दिलं जाणारं विन्क्रिस्टिन हे औषध पायांच्या नसांना इजा करू शकतं, सिसप्लॅटिन कानाला. लहान मेंदूतली गाठ काढली असेल, तर ही खबर जुळवणारी जागाच दुखावलेली असते. साबणामुळे डोळे मिटले की सगळी भिस्त उरलेल्या दोघांवर, आणि तीच कच्ची असली की झोक जातो.

आधी जुनी फाइल काढा. कोणती औषधं किती दिली, रेडिएशन कुठे दिलं, हे एका कागदावर उतरवा आणि तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी १९९१पासून वेगळं क्लिनिक आहे. कानाची तपासणी आणि फिजिओथेरपिस्टची भेट, दोन्ही मागून घ्या. आपण विचारलं नाही तर हा विषय राहून जातो.

मग घरचा सराव. स्वयंपाकाच्या ओट्याला बोटं टेकवून, मोठं माणूस शेजारी ठेवून. पाय जुळवून ३० सेकंद उभं राहणं जमलं, की एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून उभं राहायचं. तेही जमलं की एका पायावर. पुढे फरशीच्या रेघेवरून चालायचं, आणि टाचांवर चार पावलं. विन्क्रिस्टिनने पाऊल वर उचलणं कमजोर होतं, त्यासाठी हे फार कामाचं. डोळे मिटून उभं राहणं सगळ्यात शेवटी, तेही फिजिओथेरपिस्टने सांगितल्यावरच. रोज दहा मिनिटं पुरतात, पण रोज हवीत.

मोरीत न घसरणारी चटई आणि हाताशी धरायला दांडी, रात्री संडासच्या वाटेवर दिवा, चपलेऐवजी मागे पट्टा असलेली सॅंडल.

जांघेत किंवा गुडघ्यात दुखत असेल तर उड्या बंद. स्टेरॉइडमुळे खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बिघडलेला असू शकतो. आधी तपासून घ्या. तोल अचानक बिघडला, सकाळी डोकं दुखून उलटी झाली, एकाचे दोन दिसू लागले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सगळं ठीक असेल तर डॉक्टरांना लंगडीबद्दल जरूर विचारा. एका पायावरचा तोल शिकवायला आपल्याकडे याहून चांगला खेळ नाही. परवानगी मिळाली की अंगणात मऊ माती पाहून चौकोन आखा, हात धरा. पहिल्या दिवशी दोन उड्या पुरे.