माळ्यावरचा हातमाग पुन्हा खाली काढताय? या चुका टाळा

नोकरी संपते, मुलं आपापल्या वाटेला लागतात आणि माळ्यावर बांधून ठेवलेल्या मागाची आठवण येते. हल्ली असे बरेच जण भेटतात, आणि मला त्याचा मनापासून आनंद होतो. पण मदत मागायला येताना बहुतेकांच्या हातात एकसारखंच कापड असतं. मध्ये ताठ, कडांना लोंबलेलं, आणि त्यावर मोबाइलमधल्या फोटोवरून विणलेलं एक पान, जे पान म्हणून ओळखूच येत नाही. विणायला बसण्याआधी केलेली घाई त्या कापडात जशीच्या तशी उतरलेली असते.

ताणा कसाबसा चढवणं

माझं सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते इथे. अर्ध्या तासात ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, चढवून देणारे व्हिडिओ पाहून लोक सुरुवात करतात आणि पुढचे कित्येक दिवस त्याची किंमत मोजतात.

ओळखीतल्या एका बाईंनी बऱ्याच वर्षांनी आपला लहान रिजिड हेडल माग काढला, ज्यात हेडल नावाची एकच ताठ चौकट धागे वर-खाली करते. मावळातली भातखाचरं विणायची होती, हिरव्या छटांचे पट्टे. कल्पना सुरेख. पण हव्या त्या छटा सुतात मिळेनात, म्हणून ताण्यात निम्मं सूत आणि निम्मी लोकर घेतली. मागच्या रुळावर ताणा गुंडाळताना मध्ये कागद घातला नाही. वीतभर विणून झालं आणि आडवा धागा नेणारा धोटा उभ्या धाग्यांत अडकायला लागला. काही धागे इतके सैल, की हेडल उचललं तरी ते खालीच. बाईंना वाटलं, मागच बिघडला. त्यांनी नवं हेडलही मागवलं. त्यानेही काही फरक पडला नाही, तेव्हा माझ्याकडे आल्या.

रूळ पाहिल्याबरोबर कारण कळलं. कागद नसल्यामुळे वरच्या थरातले धागे खालच्या थरांत रुतले होते, आणि कडेचे धागे थरावरून घसरून थेट लाकडावर आले होते. अशा रुळावरून प्रत्येक धागा वेगवेगळ्या लांबीने सुटतो. त्यात लोकर ताण दिला की लांबते, सूत लांबत नाही. दोन्ही एका ताणावर धरणं कुणालाच जमत नाही. आणि जमलं असतं तरी धुतल्यावर लोकर आटून सुताचे पट्टे फुगले असते.

त्यांना तसंच पुढे रेटायचं होतं. मी ऐकलं नाही. विणलेली वीत कापून बाजूला ठेवली, पुढच्या गाठी सोडल्या, ताणा खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत उलगडला. लोकरीचे धागे काढून टाकले आणि बाण्यासाठी, म्हणजे आडव्या धाग्यासाठी, ठेवले. त्यांच्या मुलाला समोर ताण धरून उभं केलं आणि प्रत्येक वेढ्याला कागद घालत पुन्हा गुंडाळलं. अख्खी दुपार गेली. त्या ताण्यावर पुढे एकही धागा तुटला नाही.

मी जुन्या कॅलेंडरची पानं वापरते. ती जाड असतात आणि ताण्यापेक्षा दोन्ही बाजूंना बोटभर रुंद कापता येतात. वर्तमानपत्र नको, शाई धाग्याला लागते. पुढे गाठी मारताना आधी मधला झुबका, मग एक डावा, एक उजवा. शेवटी डोळे मिटून धाग्यांवरून उलटा हात फिरवायचा. सैल धागा डोळ्यांना दिसायच्या आधी हाताला कळतो. विणताना एखाद-दुसरा धागा सैल पडलाच, तर मागच्या बाजूने त्याला लोखंडी वॉशर लटकवा. दहा धागे सैल असतील तर मात्र लटकवालटकवी नको, पुन्हा गुंडाळा.

माळ्यावरचं जुनं सूत ताण्यात घ्यायचं असेल तर आधी हातभर तोडून झटका देऊन बघा. पटकन तुटलं तर ते बाण्याला. बाणा ठोकायच्या धातूच्या फणीवर गंज असेल तर पांढऱ्या सुताला हात लावण्याआधी ती घासून, पुसून घ्या.

फोटो विणायला घेणं

निसर्ग विणायचा म्हटलं की लोक कासचं पठार नाहीतर पिंपळपान काढतात. मागावर इंचाला ८ धागे असतील तर एक धागा म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर. पिंपळाच्या पानाचं शेपूट तिथे कसं बसणार? ते जाड खुंट होऊन येतं आणि कडेच्या गोलाईच्या पायऱ्या होतात. मग विणणारा निराश होतो, आणि त्याच्या निराशेचं मला फार वाईट वाटतं, कारण हात चांगला असतो.

माग चौकटीत बोलतो. येवल्याच्या पैठणीतले मोर, मुनिया, आसावलीची वेल बघा. तिथे धागे दाट आणि रेशमी, तरी आकार पायरीपायरीनेच चढतो, आणि विणकरांनी त्या पायरीलाच देखणं केलं. विदर्भातल्या करवतकाठी साडीने तर करवतीचे दातेच काठावर घेतले. आपण घरच्या जाड सुतावर त्याहून नाजूक रेषा का मागावी?

म्हणून मी सांगते, सुरुवातीला आकार घेऊच नका. रंगांचा क्रम घ्या. सह्याद्रीच्या कड्यातले बेसॉल्टचे थर, ओहोटीचा किनारा, आषाढातलं आभाळ. खिडकीशी बसा आणि कोणता रंग किती जाडीचा दिसतो ते कागदाच्या पट्टीवर उतरवा. ती पट्टीच तुमचा नमुना. पाऊस किंवा बांबू, म्हणजे उभ्या बारीक रेषा हव्या असतील तर चित्र आडवं करून विणा. बाण्याच्या दोन फेऱ्यांत बारीक आडवी रेष सहज येते, उभी रेष मात्र रडवते. मध्ययुगीन युरोपातल्या मोठाल्या टॅपेस्ट्र्या, म्हणजे भिंतीवर लावायची विणलेली चित्रं, याही बहुतेक अशाच आडव्या विणल्या जात.

हळदीचा पिवळा

बहाव्याचा रंग हवा म्हणून हळदीत सूत बुडवतात. सुरुवातीला झळझळीत, उन्हाच्या भिंतीवर लवकरच फिकट. बीटही तसंच, टिकत नाही. डाळिंबाची साल किंवा झेंडू घ्या. सुताला आधी हिरड्याच्या पाण्यातून काढा, मग सुताच्या वजनाच्या १० ते १५ टक्के तुरटी. हिरड्याची पायरी गाळून वेळ वाचवणाऱ्यांचा रंग पहिल्या धुण्यात जातो.

आणखी काही

बाणा सरळ ओढून ठोकू नका. तिरका टाका, मग ठोका. कापड कडांनी आत आवळत जातं ते बाणा सरळ ओढल्यामुळेच.

काड्या, गवत, पिसं विणायची हौस असेल तर पूर्ण वाळलेलंच घ्या. ओलं गवत पावसाळ्यात बुरशी धरतं आणि शेजारचं सूतही खराब करतं.

किती दाट विणायचं हे अंदाजाने ठरवू नका. धागा पट्टीवर एक इंचभर शेजारी शेजारी गुंडाळा. २० वेढे बसले तर साध्या विणीला इंचाला १० धागे. बाण्याने ताणा पूर्ण झाकायचा असेल तर आणखी विरळ.

आणि मापं मागावर घेऊन टेबल रनर विणू नका. मागावरून उतरलं की कापड आखडतं, धुतल्यावर आणखी आटतं. दहा टक्के जास्त धरा, शिवाय त्याच सुताचा तळहाताएवढा तुकडा आधी विणून, धुऊन, वाळवून मोजा. लोकांना हा तुकडा विणायचा कंटाळा येतो. मला त्याच्याशिवाय मोठ्या कापडाला हात लावावासाच वाटत नाही.