फोर्टातल्या इमारती बघायला निघण्याआधी

मुंबईच्या फोर्टात जुन्या इमारती बघायला जायचं ठरलं, की आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा: या इमारती अजून नोकरीत आहेत. वय दीडशेच्या घरात, पण निवृत्त कोणीच नाही. सीएसएमटीतून लोकल सुटतात, हायकोर्टात तारखा पडतात, सीएसएमटीसमोरच्या महापालिकेत फायली फिरतात, राजाबाई टॉवरखाली विद्यापीठाची पोरं वाचत बसतात. किल्ल्यावर कधीही जावं आणि मनसोक्त हिंडावं, तसं इथे चालत नाही. त्यामुळे तयारीचा निम्मा भाग म्हणजे या इमारतींच्या कामाच्या वेळा समजून घेणं. बूट आणि पाण्याची बाटली त्यानंतर.

सगळ्यात आधी वार ठरवा. रविवारी सकाळी दादाभाई नौरोजी रोड मोकळा असतो, कमानींखालच्या पदपथावरून निवांत चालता येतं आणि रस्त्याच्या पलीकडे उभं राहून मान वर केली तर कोणी धक्का मारत नाही. मात्र रविवारी बहुतेक दारं बंद असतात, हाफिसांच्या जिवावर चालणारी खानावळीही बंद असतात, आणि मुख्य म्हणजे मेगाब्लॉक असतो. शनिवारच्या पेपरात त्याचं वेळापत्रक येतं, ते वाचल्याशिवाय ठाणे-डोंबिवलीकरांनी घराबाहेर पडू नये. कामाच्या दिवशी आत शिरायची संधी जास्त, पण गर्दीही तितकीच. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने रविवार घ्यावा आणि फक्त बाहेरून बघावं. या इमारतींचं खरं काम बाहेरच्या दगडावरच आहे. आवड लागली की कामाच्या दिवशी पुन्हा जावं. घारापुरीची लेणी त्याच फेरीत जोडायची असतील तर सोमवार वगळा, त्या दिवशी ती बंद असतात. पण खरं सांगायचं तर जोडूच नका.

यादी छोटी ठेवा, हे दुसरं. २०१८ साली युनेस्कोने ओव्हल मैदानाभोवतीचा परिसर जागतिक वारसा ठरवला, त्यात ९४ इमारती आहेत. सीएसएमटीला तो मान त्याआधीच, २००४ मध्ये मिळाला होता. एवढं सगळं एका सकाळी बघू म्हणणारा माणूस शेवटी फक्त फोटो घेऊन घरी येतो. सीएसएमटीपासून गेटवेपर्यंत सरळ चाललं तर अंतर अडीच किलोमीटरच्या आसपास. त्यात पाच-सहा इमारती नीट बघायच्या ठरवल्या तरी अर्धा दिवस सहज जातो.

घरून निघण्याआधी थोडा अभ्यास हवा, तारखा पाठ करण्यापुरता नव्हे. एवढं माहीत असलं तरी पुरे: फोर्टाला खरोखरच तट होता आणि त्याला अपोलो गेट, चर्चगेट आणि बझार गेट असे तीन दरवाजे होते. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात तो तट पाडला आणि जागा मोकळी झाली. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो पैसा या दगडांत उतरला. राजाबाई टॉवरला देणगी देणारे प्रेमचंद रायचंद त्याच कापसाच्या आणि शेअरच्या बाजारातले, टॉवरला नाव त्यांच्या आईचं. बाजार १८६५ मध्ये कोसळला, टॉवर मात्र १८७८ मध्ये पुरा झाला. हायकोर्टाची इमारतही १८७८चीच. हा धागा हातात असला की इमारती सुट्या सुट्या वाटत नाहीत. जुन्या तटाचा एक तुकडा बघायचा असेल तर तो सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात उरला आहे. तिथे रुग्ण असतात, हे लक्षात ठेवूनच जा.

आता सामान. माझ्या यादीत पहिला नंबर दुर्बिणीचा, कॅमेऱ्याचा नव्हे. पक्षी बघणाऱ्या मित्राकडून मागून आणा, पण न्या. इथलं सगळं कोरीवकाम दोन-तीन मजले वर आहे आणि खालून ते नुसतं खडबडीत दिसतं. सीएसएमटीच्या दर्शनी भिंतीवर गोल चौकटींतून काही चेहरे बाहेर डोकावतात, त्यांत जमशेटजी जीजीभाई आहेत आणि आपले नाना शंकरशेटही आहेत. रोज लाखो लोक त्यांच्या खालून गाडी पकडायला धावतात. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ, म्हणजे इंग्लंड आणि हिंदुस्थान. मधल्या घुमटावर उभी असलेली बाई म्हणजे ‘प्रगती’: एका हातात मशाल, दुसऱ्या हातात चाक. आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सचा, काम १८७८ ते १८८८ असं दहा वर्षं चाललं. पण दगडातली पानंफुलं, मोर, माकडं यांवर शेजारच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात फिरला आहे. समोरची महापालिकेची इमारतही स्टीव्हन्सचीच, १८९३ची. दोन्हींच्या मधे उभं राहून एकदा इकडे, एकदा तिकडे बघा. हायकोर्टात एका खांबावर एका डोळ्याला पट्टी बांधलेलं, हातात तराजू धरलेलं माकड कोरलेलं आहे. कोर्टात हरलेल्या कंत्राटदाराने तशी खुन्नस काढली, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट म्हणून ऐकायला मजा आहे. राजाबाई टॉवरवर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींचे २४ पुतळे आहेत, टॉवरची उंची २८० फूट. दुर्बीण नसेल तर त्यांची पगडी कोणती हे ओळखणं अशक्य. टॉवरवर चढायला मिळत नाही, तेव्हा गेटवरच्या सुरक्षारक्षकाशी वाद घालण्यात वेळ घालवू नका.

उन्हाचं गणित जमवलं तर अर्धं काम झालं. ओव्हल मैदान हे त्यासाठी उत्तम ठिकाण. पूर्वेला हायकोर्ट आणि विद्यापीठ, टोकदार कमानींचं व्हिक्टोरियन गॉथिक. पश्चिमेला १९३०च्या दशकातल्या गोल गच्च्यांच्या, लांबलचक छज्ज्यांच्या आर्ट डेको इमारती. सकाळचं ऊन पश्चिमेच्या घरांवर पडतं आणि राजाबाई टॉवर नुसता काळा ठोकळा दिसतो. दुपारनंतर उलटं. सीएसएमटीचं तोंडही पश्चिमेला, म्हणून तिथे चार वाजल्यानंतर दगडाचा रंग खुलतो. गेटवेचं समुद्राकडचं अंग सकाळीच बघावं. म्हणजे सकाळी निघालात तर गेटवेपासून सुरुवात करून सीएसएमटीला शेवट करा. बहुतेक लोक उलट फिरतात आणि दोन्हीकडे सावली बघतात. ओव्हलवर मधल्या वाटेने चालताना मात्र लक्ष क्रिकेटवर ठेवा. एकाच वेळी दहा-बारा सामने चालू असतात आणि चेंडूला वारसा कळत नाही.

आर्ट डेको इमारतींबद्दल एक सांगून ठेवतो. त्या लोकांच्या राहत्या सोसायट्या आहेत. दाराच्या जाळीची नक्षी आणि नावाची अक्षरं फुटपाथवरून बघा, जिन्याचा फोटो काढायला आत घुसू नका. वॉचमनला विचारलं तर कधी कधी तो हो म्हणतो.

आधार किंवा कुठलंही फोटो असलेलं ओळखपत्र मूळ प्रत घेऊन जा. काळा घोड्याजवळच्या निळ्या सिनेगॉगमध्ये, १८८४च्या केनेसेथ एलियाहूमध्ये, त्याशिवाय आत सोडत नाहीत, आणि शनिवारी त्यांचा प्रार्थनेचा दिवस असतो. सेंट थॉमस कॅथेड्रल १७१८चं. चर्चगेटचं नाव त्याच्यावरूनच पडलं. तिथे प्रार्थना चालू नसेल तेव्हा शांतपणे फिरता येतं. पारशांच्या अग्यारीत मात्र इतरांना प्रवेश नाही, दारावरचे पंखवाले बैल बाहेरूनच बघायचे. हायकोर्ट आणि महापालिका आतून दाखवणाऱ्या सहली सुट्टीच्या दिवशी ठेवल्या जातात. त्या चालू आहेत का आणि नाव नोंदवायचं कुठे, हे आठवडाभर आधी बघा. ट्रायपॉड घरी ठेवा, ड्रोनचा विचारही नको. टाऊन हॉलशेजारी, म्हणजे एशियाटिक लायब्ररीच्या इमारतीशेजारी, टांकसाळ आहे, लायन गेटमागे नौदलाची गोदी. तिकडे कॅमेरा वळवला तर पोलीस येतात.

कपड्यांचं फार काही नाही: सुती, सैल, आणि रबरी तळव्याचे बूट. टाऊन हॉलच्या ३० पायऱ्या पावसाळ्यात निसरड्या होतात. पावसाळा टाळा असं सगळे म्हणतात. मी तेवढं म्हणणार नाही, कारण पन्हळीच्या टोकाला कोरलेल्या प्राण्यांच्या तोंडातून पाणी पडताना तेव्हाच दिसतं. अर्थात निम्म्या इमारती निळ्या ताडपत्रीखाली असतात, हेही खरं. ऑक्टोबर वाईट. डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरं, फक्त काळा घोडा महोत्सवाच्या दिवसांत त्या बाजूला जाऊन इमारत दिसेल अशी आशा धरू नका.

बायकांना आणि वयस्क माणसांना बरोबर घेऊन जाणार असाल तर स्वच्छतागृहाचा विचार आधीच करून ठेवा, फोर्टात ही खरी अडचण आहे. काळा घोड्याजवळच्या वस्तुसंग्रहालयाचं तिकीट काढलं तर ती सोय आतच होते आणि बसायलाही मिळतं. एरवी चर्चगेट किंवा सीएसएमटी स्टेशन. टेकायला हॉर्निमन सर्कलची बाग सावलीची आहे. पुण्या-नाशकाकडून येणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, दक्षिण मुंबईत रिक्षा नाही. काळीपिवळी टॅक्सी, बेस्टची बस किंवा आता हुतात्मा चौकाखालून जाणारी भुयारी मेट्रो. सुट्टे पैसे ठेवा.

पोटाचं पण बघा. सीएसएमटीसमोर ‘आराम’चा वडापाव आहे, धोबीतलावाला ‘कयानी’ १९०४ पासून ब्रुन मस्का देतंय. फार भरून खाऊ नका, अजून चालायचं आहे.

कामाच्या दिवशी गेलात तर परतीचा विचार करून ठेवा. साडेपाचला सीएसएमटीत शिरून कल्याणची फास्ट पकडायला जाल तर दिवसभराचे पाय उभ्यानेच मोडतील. त्यापेक्षा समोरच्या फुटपाथवर थांबून स्टेशनवर दिवे लागेपर्यंत चहा प्या आणि साडेआठनंतरची स्लो पकडा, बसायला जागा मिळते.