डुगडुगतं काय, डळमळतं काय

मुद्रितशोधनासाठी माझ्याकडे येणाऱ्या मजकुरात जे जे हलतं ते सगळं ‘डगमगतं’. स्टूल डगमगतं, सरकार डगमगतं, आजोबांचे पायही डगमगतात. अर्थ कळतो, पण वाक्य बेचव होतं. म्हणून शब्द लिहिण्याआधी ती वस्तू कशी हलते ते डोळ्यांसमोर आणा.

खुर्ची घ्या. एक पाय आखूड असेल किंवा फरशी उंचसखल असेल, तर बसल्यावर ती या कोपऱ्यावरून त्या कोपऱ्यावर टकटक करते. ती डुगडुगते. पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली की काम भागतं. पण पाठ धरून हलवल्यावर चारही पाय तिरके होत असतील, तर सांधे सुटलेत. ती खुर्ची खिळखिळी. तिथे घडी काय करणार, सुतारच हवा. एका कथेत मला डुगडुगणारी तिवई भेटली. जमीन कशीही असो, तीन पाय एकाच वेळी टेकतातच, त्यामुळे धडधाकट तिवई डुगडुगूच शकत नाही. फार तर कलंडेल. लेखकाला कळवलं, त्यांनी तिवईचं स्टूल केलं.

डळमळण्यात दोष मुळाशी असतो. पाया डळमळतो, श्रद्धा डळमळते, आणि बातम्यांत अर्थातच सरकार. पण सरकार डळमळीत म्हणायचं ते पडेपर्यंतच. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार लोकसभेत २६९ विरुद्ध २७० असं एका मताने हरलं. मतदान होईतो ते डळमळीत, निकालानंतर कोसळलेलं. (आणि ‘डळमळीत’मधला ‘ळी’ दीर्घ. रोज दुरुस्त करते.)

मग ‘डगमगणे’ कुठे वापरायचं? होडीला वापरा. माणसाच्या धीराला वापरायचं तर नकारासोबत शोभतं: ‘डोक्यावर कर्ज होतं, पण बाई डगमगली नाही.’ होकारार्थी वाक्यात मला ‘कचरली’ किंवा ‘तिचा धीर सुटला’ बरं वाटतं.

पाय मात्र लटपटतात. तापातून उठल्यावर, नाहीतर भाषणाला उभं राहिल्यावर. इथे एक खड्डा आहे: ‘खटपटी-लटपटी करून बदली करून घेतली’ यात कुणाचा पाय हलत नाही, तिथे लटपटी म्हणजे लांड्यालबाड्या. दारू प्यालेला माणूस भेलकांडतो किंवा झोकांड्या खातो. ‘लडखडत आला’ हे हिंदीतून आलंय. दिसलं की मी काट मारते.

काठोकाठ भरलेली कळशी घेऊन चाललं की पाणी हिंदकळतं. भूकंपात जमीन हादरते.

दात हलतो. नातवाचा दुधाचा असो की आजीचा शेवटचा. कुणी ‘डुगडुगतो’ लिहिलं तरी मी तिथे खूण करत नाही.