विचारांची वही कशी लिहावी

मोठा प्रश्न घेऊन वहीसमोर बसू नका. 'खोटं बोलणं योग्य की अयोग्य', 'मी कोण आहे' असले मथळे पानाच्या डोक्यावर लिहिले की पुढची वाक्यं भाषणासारखी यायला लागतात. भाषणात आपण कुणाला तरी पटवत असतो, शोधत काहीच नसतो. मी तत्त्वज्ञानाची विद्यार्थिनी आहे. उत्तरपत्रिकेत बाजू मांडावी लागते, ती मी मांडते. पण त्याखेरीज माझी एक वेगळी वही आहे. नैतिक पेच, स्वतःबद्दलचे प्रश्न आणि रोज हाताळायच्या वस्तू हे सगळं तिच्यात एकाच पानावर येतं. विषय विज्ञान असो की वाणिज्य, अशी वही शिकणाऱ्या प्रत्येकाकडे असावी असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात कुठून करायची, हे ऑगस्टिन या ख्रिस्ती विचारवंताकडून शिकण्यासारखं आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस, बिशप झाल्यावर, तो आपल्या सोळाव्या वर्षाची एक आठवण लिहायला घेतो. मित्रांबरोबर त्याने एका झाडाचे पेअर चोरले होते. भूक नव्हती. घरी त्याहून चांगली फळं होती. चोरलेली बरीचशी डुकरांपुढे टाकली. गोष्ट एवढीच, पण तो तिच्यापाशी थांबून राहतो: मग चोरली कशासाठी? एकटा असतो तर चोरली असती का? पाप, संगत, इच्छा यांबद्दलचं त्याचं सगळं म्हणणं त्या झाडाखालून निघतं. आपल्यालाही एवढीच घटना पुरते. आज दुपारी घडलेली, कुणाला सांगायला गेलो तर 'एवढंच ना?' असं ऐकावं लागेल अशी.

घटना आधी, निकाल नंतर

माझ्या वहीतलंच एक पान घेते. चौघांनी मिळून करायचा एक प्रकल्प होता. जमा करायच्या आदल्या संध्याकाळी चौथ्याचा निरोप आला, 'माझं नाव राहू दे ना.' आम्हा तिघांचं मत ठरलेलं होतं: त्याने काहीच केलं नाही, नाव काढायचं. हेच वाक्य मी वहीत आधी लिहिलं असतं, तर पुढे लिहिण्यासारखं काही उरलंच नसतं. म्हणून उजव्या पानावर फक्त घडलेलं लिहिलं, तेही क्रमाने. पहिल्या बैठकीला तो आला होता. दोन लेख त्याने शोधून दिले, त्यांतला एक शेवटपर्यंत वापरात राहिला. दुसऱ्या बैठकीला तो नव्हता आणि कामाची वाटणी त्याच बैठकीत झाली. वाटणीचा तक्ता गटात टाकला, त्यावर त्याचं उत्तर नाही. त्यानंतर त्याला थेट फोन कुणीच केला नाही. गुण चौघांना सारखे मिळणार होते, म्हणजे नाव ठेवलं तरी आमचं काही जाणार नव्हतं.

एवढं लिहून झाल्यावर 'काहीच केलं नाही' हे वाक्य टिकत नाही. 'ठरलेल्यापेक्षा फार कमी केलं, आणि नाव जाऊ शकतं हे त्याला आधी सांगितलं गेलं नव्हतं' हे टिकतं. या दोन वाक्यांतून दोन वेगळे निकाल निघतात. माझं मत असं झालं की नाव ही कामाची पावती आहे, मैत्रीची नाही. पण न सांगितलेल्या अटीची शिक्षा कुणाला देऊ नये. आम्ही चौघांचीही नावं तशीच राहू दिली आणि पहिल्या पानावर प्रत्येकाने काय केलं ते एकेका ओळीत लिहिलं. त्याची ओळ त्याच्याकडूनच लिहून घेतली. त्याने खरी लिहिली.

म्हणून घटना लिहिताना विशेषणं बाहेर ठेवा. 'उद्धट', 'स्वार्थी', 'बेजबाबदार' या शब्दांत निकाल आधीच दडलेला असतो. कोण काय म्हणालं, कशानंतर म्हणालं, कुणाला काय माहीत होतं आणि कुणाचा काय फायदा होता, एवढं पुरे. फायद्याची ओळ तर टाळूच नका. अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्सने 1971 साली आपल्या न्यायविषयक ग्रंथात एक साधी चाळणी सांगितली आहे: आपण घाबरलेले किंवा अस्वस्थ असताना, किंवा निकाल एका बाजूने लागण्यात आपलाच लाभ असताना दिलेले निकाल बाजूला ठेवावेत. मी याचा सरळ नियम केला आहे. राग आलेला असेल तेव्हा घटना लिहायची आणि वही मिटायची. रागात तपशील ताजे असतात, ते वाया घालवू नयेत. निकालाला मात्र एक रात्र जाऊ द्यावी.

एका वेळी एकच गोष्ट बदला

आता त्याच घटनेतली एकच गोष्ट बदलून पाहा. ब्रिटिश तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांनी 1967 साली मांडलेलं ट्रामचं उदाहरण आज सगळ्यांना ऐकून माहीत असतं: सुसाट सुटलेली ट्राम, एका रुळावर पाच कामगार, दुसऱ्यावर एक, आणि चालकाच्या हाती फक्त वळवणं. पण फूट यांनी त्याच्या शेजारी दुसरं एक उदाहरण ठेवलं होतं, ते सहसा कुणी सांगत नाही. दंगलखोरांनी ओलीस धरलेल्या पाच जणांना वाचवण्यासाठी एका निरपराध माणसाला दोषी ठरवून फाशी देणारा न्यायाधीश. हिशोब दोन्हीकडे तोच, एकाच्या बदल्यात पाच. तरीही चालकाने ट्राम वळवावी असं आपल्याला वाटतं आणि न्यायाधीशाच्या कृत्याने अंगावर काटा येतो. फूट यांना शोधायचं होतं ते हेच: हिशोब तोच असताना मनाचा कौल कशामुळे फिरला? 'तुम्ही काय कराल' एवढंच विचारून लोक थांबतात, तेव्हा त्या उदाहरणातलं निम्मं बळ जातं, असं मला वाटतं.

प्रकल्पाच्या पानावर मी तसंच केलं. तो माझा जवळचा मित्र असता तर? गुण सारखे न मिळता वाटून मिळणार असते तर? घरी कुणी आजारी असल्याचं त्याने सांगितलं असतं तर? प्रत्येक बदलासमोर फक्त 'निकाल बदलला' किंवा 'नाही बदलला' एवढंच लिहायचं. मित्र असता तर मला नाव ठेवावंसं वाटलं असतं, पण योग्य काय याबद्दलचं मत तेच राहिलं असतं. हा फरक पानावर दिसला की फार उपयोगी पडतो. आजाराच्या बदलाने मात्र मतच हललं. म्हणजे 'काम किती केलं' यापेक्षा 'का केलं नाही' याला मी जास्त वजन देते, हे मला त्या ओळीवरून समजलं.

तयार नियम हाताशी असेल तर त्याला त्याच्या सगळ्यात अवघड घटनेपुढे उभं करा. जर्मन तत्त्वज्ञ कांटने 1797 साली एका निबंधात हे केलं. मित्र घरात लपलाय आणि मारेकरी दारात विचारतोय, अशा वेळीही खोटं बोलू नये, यावर तो ठाम राहिला. मला ते अजिबात पटत नाही. पण आपल्या नियमाची सगळ्यात नकोशी बाजू त्याने झाकली नाही, आणि त्याबद्दल मला त्याचा आदर वाटतो.

'मी अशी आहे' हे वाक्य बाजूला ठेवा

ओळखीबद्दल लिहिताना विशेषणांचा मोह अधिकच होतो. 'मी अबोल आहे', 'मी हट्टी आहे'. त्याऐवजी दोन गोष्टी शेजारी ठेवा. एकाच दिवशी, एकाच विषयावर तुम्ही शिक्षकांना काय लिहिलंत आणि मैत्रिणीला काय, ते जसंच्या तसं उतरवून काढा. कोणता मजकूर 'खरा मी' हे ठरवायची घाई नको. दोन्हींत न बदललेलं काय आहे, ते शोधा. माझ्या बाबतीत ते निघालं नकार देण्याआधी कारण सांगण्याची सवय. आधी तीन ओळी कारण, मग 'जमणार नाही'. शिक्षकांनाही तसंच, मैत्रिणीलाही तसंच. स्वभावाबद्दल मी काढलेल्या कुठल्याही विशेषणापेक्षा ही सवय मला जास्त माझी वाटते.

दुसरा अभ्यास थोडा खोल नेणारा आहे. तुम्ही केलेली, पण तुम्हाला स्वतःला न आठवणारी एखादी गोष्ट घ्या. माझा धाकटा भाऊ सांगतो की शाळेत असताना मी त्याला म्हणाले होते, 'मी बाहेर शिकायला गेले की हे टेबल तुझं.' मला हे आठवत नाही. त्याला शब्दन्‌शब्द आठवतं, आम्ही कुठे बसलो होतो तेही. तर ते वचन माझं आहे का?

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने मानवी आकलनावरच्या आपल्या ग्रंथाच्या 1694 च्या दुसऱ्या आवृत्तीत ओळखीवरचं प्रकरण घातलं. त्याचं म्हणणं, जाणीव जिथवर मागे पोहोचते तिथवर माणूस तोच. तसं धरलं तर टेबलाचं वचन दुसऱ्याच कुणीतरी दिलेलं ठरतं. स्कॉटिश तत्त्वज्ञ टॉमस रीडने 1785 साली याला अडवलं. फळबाग लुटली म्हणून शाळेत मार खाल्लेला मुलगा पुढे शूर अधिकारी होतो आणि म्हातारपणी सेनापती होतो. अधिकाऱ्याला मार आठवतो, सेनापतीला अधिकाऱ्याचा पराक्रम आठवतो, पण मार आठवत नाही. मग लॉकच्या हिशोबाने सेनापती अधिकाऱ्यामार्फत तो मुलगा आहे, आणि मार आठवत नाही म्हणून नाहीही, असं म्हणावं लागेल. या दोघांच्या कितीतरी आधी, राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांच्या पाली संवादात एक आंबेचोर येतो. तो म्हणतो, मालकाने लावलेले आंबे वेगळे, मी नेलेले वेगळे, मग माझा गुन्हा काय? राजा त्याला दोषीच ठरवतो, कारण नेलेले आंबे लावलेल्यांतूनच आले. संवादाचा मूळ विषय पुनर्जन्म आहे, पण प्रश्न तोच. (ऑगस्टिनचे पेअर धरले तर हा फळं चोरणारा तिसरा. इतक्या बारीक चोरीवर इतका विचार झाला, हे मला फार आवडतं.)

माझं मत राजाच्या बाजूने आहे, पण कारण वेगळं. वचन फक्त माझ्या आठवणीत ठेवलेलं नव्हतं. ते भावाकडेही होतं आणि त्याने ते जपलं. मी कोण आहे याचा काही भाग माझ्या डोक्याबाहेर, माझ्या माणसांपाशी आहे, हे मला वाचनातून कळलं नसतं. टेबल आता त्याचं आहे.

वस्तूसमोर बसणं

जॉर्ज पेरेक या फ्रेंच लेखकाने 1973 साली सांगितलं होतं की वर्तमानपत्रात येतं ते सोडून रोजचं पाहा. आपल्या चमच्यांनाही प्रश्न विचारा. ही गोष्ट करून पाहिल्याशिवाय पटत नाही. कोणतीही वापरातली वस्तू समोर ठेवा आणि पानभर फक्त दिसतं ते लिहा. उपमा नको, आठवणी नकोत. पहिल्या काही ओळी कंटाळवाण्या होतील, होऊ द्या.

ग्रंथालयातून आणलेल्या एका पुस्तकावर मी असं लिहिलं. माझ्या आधीच्या कुणीतरी त्यात पेन्सिलने रेघा मारल्या होत्या. पट्टी न वापरता, डावीकडे हलक्या आणि उजवीकडे जाताना जड. काही पानांच्या मागच्या बाजूला रेघेचा उठाव बोटाला लागत होता. एका परिच्छेदाशेजारी प्रश्नचिन्ह काढून खोडलं होतं; शिसं गेलं होतं, खाच राहिली होती. तिसऱ्या प्रकरणाच्या मध्यावर रेघा थांबल्या, त्यापुढची पानं कोरी. आणि मग लक्षात आलं की रेघ मारलेली वाक्यं मी दोनदा वाचते आहे, बिनरेघेच्या वाक्यांवरून नजर घसरते आहे. माझं वाचन दुसराच कुणीतरी ठरवत होता.

नैतिक प्रश्न इथे बोलावणं न करता आला. सगळ्यांच्या पुस्तकात खुणा कराव्यात का? 'पुस्तक खराब होतं' हे नेहमीचं कारण मला त्या पानामुळे अपुरं वाटायला लागलं. पुढच्या वाचकाचं पहिलं, कोरं वाचन आपण घेऊन टाकतो, हे खरं कारण आहे. मी ग्रंथालयाच्या पुस्तकात खूण करत नाही. खोडल्याने खाच जात नाही, म्हणून त्या रेघाही मी तशाच ठेवल्या.

वहीची व्यवस्था

डावं पान मोकळं सोडा, लिहायचं ते उजवीकडे. तारीख घाला. जुनं मत बदललं तर खोडू नका. डावीकडे वेगळ्या शाईने नवं मत आणि त्याची तारीख लिहा. फोनवरही लिहिता येतं, पण तिथे जुनं वाक्य पुसून नवं टाकायचा मोह होतो आणि आपण आधी काय मानत होतो याचा पुरावाच उरत नाही. दुसऱ्यांची खरी नावं लिहू नका. वही चुकून कुणाच्या हाती पडली तर तुमचं गुपित तुमच्या जबाबदारीवर, पण त्यांनी तुम्हाला तशी परवानगी दिलेली नाही.

अडलात तर 'कळत नाही' असं लिहून सोडू नका. नेमकं काय कळत नाही, ते पूर्ण प्रश्नार्थक वाक्यात लिहा. सत्र संपल्यावर सगळी पानं एका बैठकीत वाचा. एका पानावर मानलेलं तत्त्व दुसऱ्या पानावरच्या निकालाशी जुळतं का, ते पाहा. जुळत नसेल तर कधी तत्त्व हलवावं लागतं, कधी निकाल. कोणतं हलवायचं याचं सूत्र नाही, पण ज्याच्या बाजूने तुम्ही जास्त घटना लिहिल्या आहेत ते सहसा टिकतं.

आणि एखादं पान सुटतच नसेल, तर ते तुमच्याशी सहज सहमत न होणाऱ्या माणसाला वाचून दाखवा. फक्त घटना वाचा, तुमचा निकाल सांगू नका. ऐकून झाल्यावर तो सगळ्यात आधी काय विचारतो ते टिपून घ्या. बहुतेक वेळा तो तपशील तुम्ही लिहायचाच राहिलेला असतो. तो घटनेत भरा आणि निकाल पुन्हा लिहायला बसा.