बिनशर्त उडी मारताना या चुका टाळा

'गोटू', 'ब्रेक', 'कंटिन्यू' आणि 'रिटर्न' या चारही आज्ञा कोणतीही अट न तपासता प्रोग्रामला दुसऱ्या ओळीवर नेतात. इतरांचा कोड तपासताना मला वर्षानुवर्षे त्याच चुका आढळतात, कारण लिहिणारा उडी कुठे पोहोचते एवढेच पाहतो. मधल्या कोणत्या ओळी चालल्याच नाहीत, हे पाहत नाही.

सी भाषेत काही बिनसले की फंक्शनच्या शेवटच्या लेबलावर (उडीसाठी नाव दिलेल्या जागेवर) जाऊन मेमरी मोकळी करण्याची पद्धत योग्यच आहे. लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, ती सर्रास दिसते. आमच्या एका प्रोग्राममध्ये फाइल उघडली नाही तर अशा लेबलावर उडी होती, पण तेथे 'फ्री' होणाऱ्या (म्हणजे ज्याची मेमरी मोकळी केली जाते त्या) पॉइंटरला, मेमरीचा पत्ता ठेवणाऱ्या चलाला, मूल्य देणारी ओळ उडीच्या नंतर होती. फाइल नेहमी उघडत असल्याने कित्येक महिने सर्व सुरळीत चालले. मग फाइलची परवानगी बदलली आणि प्रोग्राम कोसळू लागला, कधी लगेच, तर कधी बऱ्याच वेळाने भलत्याच फंक्शनमध्ये. त्यामुळे आमचे दोन दिवस चुकीच्या जागी शोधण्यात गेले. तेव्हापासून मी प्रत्येक पॉइंटर जाहीर करतानाच 'नल' (कुठलाच पत्ता नसलेला) करतो, कारण 'नल'वर 'फ्री' केल्याने काहीही बिघडत नाही. लेबले अनेक असतील तर साधने ज्या क्रमाने घेतली त्याच्या उलट क्रमाने ती सोडतो, आणि अस्तित्वात नसलेल्या फाइलचे नाव देऊन अपयशाची वाट आधी चालवून पाहतो. घाईत असलेले नवशिके नेमकी हीच चाचणी टाळतात.

एका ओळीच्या 'इफ'लाही महिरपी कंस द्यावेत. 2014 मध्ये ॲपलच्या एसएसएल (इंटरनेटवरील सुरक्षित जोडणीच्या) कोडमध्ये 'गोटू फेल' ही ओळ लागोपाठ दोनदा आल्याचे उघड झाले. कंस नसल्यामुळे दुसरी ओळ अटीबाहेर पडली, सहीची खरी पडताळणी वगळली गेली आणि फंक्शन मात्र सर्व ठीक असल्याचेच कळवत राहिले. दोन चिन्हे वाचवण्याची ही काटकसर मला मुळीच मान्य नाही.

अट खरी असेपर्यंत तेच काम पुन्हा करणाऱ्या 'व्हाइल' लूपमध्ये मोजणी वाढवणारी ओळ 'कंटिन्यू'च्या खाली असेल, तर 'कंटिन्यू' थेट पुढच्या फेरीवर नेताना ती ओळ वगळतो, मोजणी तिथेच अडकते आणि लूप संपतच नाही, असे होऊ शकते.

सी भाषेत लूपमधील 'स्विच'च्या (मूल्यानुसार वाट निवडणाऱ्या रचनेच्या) आत लिहिलेला 'ब्रेक' फक्त 'स्विच'मधून बाहेर काढतो, लूपमधून नाही.

संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी 1968 मध्ये 'गोटू'वर आक्षेप घेतला, तो असा की उड्यांमुळे लिहिलेल्या मजकुरावरून प्रोग्राम चालताना कुठवर आला हे ताडणे कठीण होते. तो आक्षेप न वाचता केवळ 'गोटू वाईट' एवढेच ऐकलेले विद्यार्थी दोन लूपमधून बाहेर पडण्यासाठी चार-पाच ध्वजांचे (फक्त खरे किंवा खोटे एवढेच नोंदवणाऱ्या चलांचे) जाळे विणतात, आणि ते वाचणे 'गोटू'पेक्षाही अवघड जाते. असा कोड हाती आला की मी दोन्ही लूप एका छोट्या फंक्शनमध्ये हलवतो, हवे ते सापडताच तेथूनच 'रिटर्न' करतो आणि सगळे ध्वज पुसून टाकतो.