पडद्यावर टिकायचंय? मग या चुका टाळा

नवा मुलगा पहिल्याच दिवशी सेटवर झकास काम करतो, तेव्हा हल्ली मला आनंदाऐवजी धास्ती वाटते. मालिकांच्या सेटवर आधी सहायक आणि मग एपिसोड डिरेक्टर म्हणून माझी वीस वर्षं गेली. मढ, गोरेगावची चित्रनगरी, ठाण्याचा घोडबंदर रोड, सगळीकडचा धूर खाल्लाय. अभिनय येत नाही म्हणून घरी परतलेले त्यात मोजकेच दिसले. चांगला अभिनय येत असूनही परतलेले मात्र पुष्कळ. एकांकिकांच्या पुरुषोत्तम करंडकाला टाळ्या घेऊन आलेली, राज्य नाट्य स्पर्धेची प्रमाणपत्रं फाइलमध्ये लावलेली ही मुलं. चुका सगळ्यांच्या त्याच. नवीन चूक करणारा भेटला, तर मी त्याला पदरचा चहा पाजीन.

आधी कॅमेऱ्यासमोरची चूक, कारण ती सुधारणं सगळ्यात सोपं. शिवाजी मंदिर नाट्यगृहाच्या बाल्कनीपर्यंत पोचवायची सवय असलेला आवाज छातीवरच्या माइकला नको असतो, हे दोन दिवसांत कळतं. कळत नाही ती कंटिन्युटी, म्हणजे एकाच प्रसंगाच्या प्रत्येक शॉटमध्ये हालचाल तीच ठेवणं. मास्टरमध्ये, म्हणजे अख्खा प्रसंग दिसतो त्या लांबच्या शॉटमध्ये, ‘आई’ म्हणताना कप डाव्या हातात होता. क्लोजअपमध्ये भावना इतकी दाटून आली की कप उजव्या हातात गेला आणि डावा हात कपाळावर. अश्रू खरे, शॉट फुकट. एडिटर काय करतो? समोरच्या नटाच्या चेहऱ्यावर कट मारतो. म्हणजे रडलात तुम्ही आणि एपिसोडमध्ये दिसला तो. मग ‘माझे क्लोजअप कापतात’ म्हणून तक्रार.

यावर माझा उपाय साधा आहे. मी कृती शब्दाला बांधायला लावतो. ‘काल’वर कप उचलायचा, ‘दवाखान्यात’वर ठेवायचा. तालमीत हे पेन्सिलने कागदावर लिहायचं. ‘दादा, असं केलं की उत्स्फूर्तपणा जातो,’ असं एकाने मला ऐकवलं होतं. उत्स्फूर्तपणा कपाच्या हातात नसतो रे बाबा.

आता जी चूक करिअर खाते, ती. साताऱ्याकडचा एक मुलगा होता, नाव सांगत नाही. लांबट चेहरा, बोलके डोळे, आणि समोरच्याचं ऐकून घेण्याची दुर्मीळ सवय. जूनमध्ये त्याला लीड मिळाली. दिवसाचे ४,००० रुपये, महिन्याला साधारण २२ दिवस. म्हणजे ८८,०००. गावाकडे फोन करून त्याने हा आकडा सांगितलाही. करार मात्र वाचला नव्हता. बिल दिल्यापासून ९० दिवसांनी पैसे, त्यातून दहा टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापला जाणारा इन्कम टॅक्स, ही अट त्याला महिनाअखेरीस मेकअप रूममध्ये, मेकअपदादाच्या तोंडून कळली. जूनच्या कामाचं बिल जुलैच्या सुरुवातीला गेलं आणि ७९,२०० रुपये आले ऑक्टोबरात. तोवर मालिकेचा हिरो चार मित्रांच्या खोलीत गादीच्या काठावर झोपत होता, उधारीवर.

हे इथवर सगळ्यांचंच होतं, माणूस निभावून नेतो. खरा घोळ उलट्या बाजूने झाला. नोव्हेंबरात मीच त्याला म्हणालो होतो, ‘आता हिरो आहेस, रिक्षातून उतरताना बरं दिसत नाही.’ गंमत म्हणून बोललो. त्याने हप्त्यावर गाडी घेतली आणि गोरेगावात एकट्यासाठी वन बीएचके. एका गुरुवारी टीआरपी आले, मग आणखी दोन वाईट गुरुवार गेले आणि जानेवारीअखेर मालिका बंद पडली.

पण पैसे बंद पडले नाहीत. नोव्हेंबरचे मार्चमध्ये आले, डिसेंबरचे एप्रिलमध्ये, जानेवारीचे मेच्या सुरुवातीला. काम थांबल्यावर तीन महिने खात्यात रक्कम येत राहिली आणि आपलं बरं चाललंय असं त्याला वाटत राहिलं. नेमक्या त्याच तीन महिन्यांत त्याला दोन कामं आली. एका मालिकेत नायिकेचा मोठा भाऊ, महिन्याला आठ दिवस. एका सिनेमात दोन सीनचा इन्स्पेक्टर. ‘सर, लीड केल्यावर भाऊ करायचा?’ त्याने विचारलं. मी गप्प बसलो. तिथेही माझं चुकलंच. जूनमध्ये खातं आटलं तेव्हा त्याने भावाच्या कामासाठी स्वतःहून फोन केला. भाऊ केव्हाच दुसऱ्याला गेला होता आणि लेखकाला तो इतका आवडला की त्याचा ट्रॅक पुढे दीड वर्ष चालला. हा मुलगा आता वडिलांचं खतांचं दुकान बघतो. गणपतीत नाटक बसवतो, फार चांगलं बसवतो. गाडीवरून त्याने मला कधी बोल लावला नाही.

म्हणून मी प्रत्येक नव्या मुलाला दोनशे पानी वही घ्यायला लावतो. डाव्या पानावर काम केल्याची तारीख, उजव्या पानावर पैसे आल्याची. डावं पान कोरं पडायला लागलं की त्या दिवसापासून आपण बेकार, उजव्या पानावर काहीही असो. मोबाइलचं ॲप नको, वहीच. सहा महिन्यांचं भाडं बाजूला पडल्याशिवाय हप्त्याची कुठलीही वस्तू नको. यात शास्त्र काही नाही, माझा हट्ट आहे.

नोकरी सोडायची घाई हीसुद्धा याच घरातली. अशोक सराफ कितीतरी वर्षं स्टेट बँकेत नोकरी करून नाटकं करत होते. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते, बेचाळिसाव्या वर्षी, १९६९ साली पूर्ण वेळ नाटकाकडे वळले. आणि इथे बावीस वर्षांचा पोरगा मला सांगतो, ‘दादा, वय निघून चाललंय.’ कुठे चाललंय? त्याला स्टेशनवर सोडायला कुणी जाणार आहे का?

एकाच तऱ्हेच्या भूमिकेची छाप बसेल म्हणून घाबरणाऱ्यांना मी रीमाताई लागूंचं उदाहरण देतो. १९८९ च्या ‘मैंने प्यार किया’मध्ये त्या सलमान खानची आई झाल्या, तेव्हा वय जेमतेम एकतीस. सलमानपेक्षा सात वर्षांनी मोठ्या. आईची छाप बसलीच, पुसून कधी गेली नाही. पण पुढे ‘तू तू मैं मैं’मध्ये त्यांनी त्याच वयस्कर बाईला भांडकुदळ, विनोदी सासू करून टाकलं, आणि रंगभूमीही चालू ठेवली. छाप बसलेल्या नटाला निदान फोन तरी येतो.

बाकीच्या चुका भराभर. ऑडिशनसाठी कुणी पैसे मागितले तर चहासुद्धा न घेता उठा. पाच वर्षांपूर्वीचे फोटो पाठवू नका, माणूस आत आला की आम्ही त्याच्या मागे दार बघत बसतो. मालिका चालू असताना न विचारता केस कापू नका. करारात दुसरं काम न करण्याची अट किती महिन्यांची आहे, ते सहीच्या आधी बघा. हिंदीत जायचं असेल तर ‘जमीन’ आणि ‘जहर’मधला नुक्त्याचा, इंग्रजी z सारखा ज आजपासून घोटा, नाहीतर हवालदार आणि कामवाली या दोन खुर्च्या तुमच्यासाठी कायम राखीव. ‘सर, काही असेल तर सांगा’ हा मेसेज मी उघडतसुद्धा नाही; दोन महिन्यांतून एकदा ताजा फोटो आणि मोकळ्या तारखा आल्या, तर सेव्ह करतो. फॉलोअर्सबद्दल मला विचारू नका, रक्तदाब वाढतो.

आणि इन्कम टॅक्सचं रिटर्न भरा. साताऱ्याच्या मुलाचे आठ महिन्यांत महिना ८,८०० प्रमाणे ७०,४०० रुपये टीडीएसमध्ये कापले गेले होते आणि ते परत मागता येतात, हे त्याच्या गावीही नव्हतं. गावातल्या सीएने रिटर्न भरून दिलं, त्यातले बरेचसे परत आले. तोवर गाडी पडेल भावाने विकून झाली होती. कर्जाचे राहिलेले हप्ते या परत आलेल्या पैशांतून फिटले.