आतड्यांच्या वाटेने प्रतिकारशक्ती: रोजचे जेवण कसे आखावे

पावसाळा लागला की काढ्याच्या पुड्या आणि ‘इम्युनिटी बूस्टर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या यांचा खप वाढतो. प्रतिकारशक्ती अशी आठवडाभरात चढवता येत नाही, आणि ती अनावर असणे हिताचेही नसते: ॲलर्जीत ती परागकणांसारख्या निरुपद्रवी गोष्टींवर तुटून पडते, तर आमवातात शरीराच्याच सांध्यांवर उलटते. तिला लागते ते रोजचे पोषण, आणि त्याची सुरुवात आतड्यांपासून करावी लागते.

शरीरातील प्रतिकारक पेशींचा मोठा हिस्सा आतड्यांच्या भिंतीत असतो. तेथे अन्न आणि आतल्या ऊती यांच्यामध्ये पेशींचा एकच थर असतो व त्यातील बहुतेक पेशी तीन ते पाच दिवसांत बदलल्या जातात. आपल्याला न पचणारे तंतू मोठ्या आतड्यातील जिवाणू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचे मेदाम्ल तयार होते. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी आपली बरीचशी ऊर्जा त्यातून मिळवतात, आणि दाह आटोक्यात ठेवणाऱ्या नियामक टी-पेशी घडण्यासही त्याची मदत होते. तंतू मिळाले नाहीत तर काही जिवाणू अस्तरावरील संरक्षक श्लेष्माच खाऊ लागतात, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे.

म्हणून पहिला बदल धान्यात करावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दहा वर्षांवरील प्रत्येकाने दिवसाला किमान २५ ग्रॅम नैसर्गिक तंतू घ्यावेत. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, पॉलिश केलेल्या तेवढ्याच तांदळात ३ ग्रॅमही नसतात. एका वेळच्या जेवणात ज्वारी, बाजरी किंवा नाचणीची भाकरी आणावी, आणि कणीक चाळून कोंडा टाकण्याची सवय सोडावी. हा बदल दोन-तीन आठवड्यांत हळूहळू करावा व पाणीही वाढवावे. एकदम वाढवलेल्या तंतूंनी पोट फुगते आणि माणूस चौथ्या दिवशी पुन्हा पावाकडे वळतो.

त्यानंतर कडधान्ये. मटकी सात-आठ तास भिजवून ते पाणी ओतून द्यावे, कारण गॅस करणाऱ्या काही शर्करा त्यात उतरलेल्या असतात. मग ओलसर सुती फडक्यात सैल बांधून ती झाकून ठेवावी. उन्हाळ्यात रात्रीतून मोड डोकावतात. थंडीत दिवसभर जास्त लागतो आणि मधूनच फडक्यावर पाण्याचा हबका मारावा लागतो. मोड आल्याने दाण्यातील लोह-जस्त बांधून ठेवणारे फायटेट कमी होते, त्यामुळे लोह व जस्त अधिक शोषले जाते, आणि कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेले क जीवनसत्त्व तयार होते. मात्र हीच उबदार ओल साल्मोनेलासारख्या जिवाणूंनाही मानवते. लहान मुले, गर्भवती आणि वृद्ध यांना मोड आलेले कडधान्य कच्चे देऊ नये. उसळ करावी, वर लिंबू पिळावे आणि चहा जेवणानंतर तासाभराने घ्यावा, कारण चहातील टॅनिन लोहाचे शोषण अडवते. जंतूंना ओळखून त्यांना चिकटणारी प्रतिपिंडे (अँटिबॉडी) ही प्रथिनेच असल्यामुळे वरण, दूध, अंडी किंवा मासळी यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात असावे.

भाज्या आणि फळे मिळून दिवसाला किमान ४०० ग्रॅम, असा साधा हिशेब ठेवावा. प्रमाणाइतकेच वैविध्य महत्त्वाचे आहे, कारण वेगवेगळे जिवाणू वेगवेगळ्या तंतूंवर जगतात. आठवडाभर बटाटा आणि फ्लॉवर आलटून पालटून करण्यापेक्षा मेथी, चाकवत, तांदुळजा, शेवग्याच्या शेंगा, गवार अशी फिरती ठेवावी. कांदा-लसणातील फ्रुक्टान नावाचे तंतूही या जिवाणूंना उपयोगी पडते.

दह्याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. १९०८ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे प्रतिकारशक्तीचे संशोधक इल्या मेचनिकॉव्ह यांना आंबवलेल्या दुधाने आयुष्य वाढते असे वाटत असे. तेवढे सिद्ध झालेले नाही, पण ताजे दही आतड्यांना मानवते आणि त्यातून प्रथिने व कॅल्शियमही मिळते. दूध उकळून, बोट सहज ठेवता येईल इतके कोमट झाल्यावर चमचाभर विरजण त्यात नीट ढवळावे. दूध जास्त गरम असेल तर विरजणातील जिवाणू मरतात, गार असेल तर दही लागत नाही. उबदार जागी ते सहा ते आठ तासांत लागते. नंतर भांडे फ्रिजमध्ये ठेवावे. दह्यातील जिवाणू आतड्यात सहसा कायमचे मुक्काम करत नाहीत, म्हणून रोज वाटीभर दही किंवा ताक घेणे बरे. उकळलेल्या कढीत जिवंत जिवाणू उरत नाहीत, आणि बाजारचे गोड दही म्हणजे बरीचशी साखरच. मीठ व तेलात मुरवलेले कैरीचे लोणचे प्रोबायोटिक (उपयुक्त जिवंत जिवाणू देणारे) समजून खाऊ नये. दिवसाचे एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत राहायला हवे.

शिजवून गार केलेल्या भातात न पचणारा स्टार्च काहीसा वाढतो, त्यामुळे दहीभात चांगलाच. पण भात रात्रभर ओट्यावर ठेवू नये, त्यात बॅसिलस सेरियस नावाचे जिवाणू वाढून उलट्या होऊ शकतात. तो लवकर गार करून फ्रिजमध्ये ठेवावा.

एवढे सांभाळले तरी साध्या सर्दीसाठी दुकानातून आणलेली अँटिबायोटिक गोळी त्यावर पाणी फिरवू शकते. सर्दी विषाणूंमुळे होते, त्यावर ती चालत नाही, आणि आतड्यातील उपयुक्त जिवाणू मात्र मरतात. ही औषधे डॉक्टरांनी दिली तरच आणि सांगितली तेवढेच दिवस घ्यावीत. मुलांना जुलाब झाल्यास ओआरएस सुरू करावे आणि जस्ताची मात्रा डॉक्टरांना विचारून द्यावी.

केमोथेरपी चालू असलेल्या किंवा अवयव प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांनी प्रोबायोटिक कॅप्सूल स्वतःहून घेऊ नयेत, त्यांच्यात हेच जिवाणू क्वचित रक्तात शिरतात. शौचातून रक्त जाणे, कारण नसताना वजन घटणे, दोन आठवड्यांहून अधिक टिकणारे जुलाब किंवा पोट दुखून रात्री झोपमोड होणे यांपैकी काही दिसल्यास आहारातील प्रयोग थांबवून डॉक्टरांकडे जावे.